उभ्या पायाचं माप

काकू माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी पायांकडे. दारात कुणी उभं राहिलं की त्यांची नजर चष्म्यावरून घसरून थेट खाली जाते, तिथे जरा रेंगाळते आणि मग सावकाश वर चढते. "या, या. डाव्या टाचेवर भार टाकता वाटतं," अशी त्यांची स्वागताची रीत. नवखा माणूस ओशाळतो आणि एक पाय दुसऱ्या पायामागे लपवायला बघतो. काका, म्हणजे काकूंचे यजमान, रिटायर झालेले बस ड्रायव्हर, कोपऱ्यातल्या स्टुलावरून म्हणतात, "लाजू नका. आमची पहिली भेट झाली तेव्हा हिने अर्धा तास माझे पायच बघितले. तोंड बघितलं असतं तर मी सुटलो असतो."

"तोंडाचं माप कुठे घ्यायचं असतं मला," काकू म्हणतात. "ते नुसतं चालतच असतं."

सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून एक बोळ आत जातो, त्याच्या शेवटी काकूंच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत कापायचं लांबलचक टेबल, शिलाईचं मशीन, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या चामडं कापायच्या राप्या आणि भोकं पाडायच्या आऱ्या. मागच्या खोलीला मोठी खिडकी आणि भिंतीत बसवलेला पंखा, कारण तिथे रेझिनचं काम चालतं आणि तो वास डोक्यात जातो. मधल्या भिंतीवर छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर पाय. लाकडाचे, प्लास्टरचे, लहान, मोठे, वाकडे, अंगठा नसलेले. प्रत्येकाच्या टाचेवर पेन्सिलीने गिऱ्हाइकाची खूण. सगळ्यात वरच्या फळीवर देवाची छोटी तसबीर. कुलूप उघडलं की काकू आधी तिच्यासमोर हात जोडतात, मग पंखा लावतात. काकांना वाटतं क्रम उलटा हवा, पण ते बोलत नाहीत.

दुकान काकूंच्या वडिलांचं. बाजारातला तयार बूट ज्यांच्या पायात जात नाही त्यांच्यासाठी ते बूट शिवायचे. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचं ऑपरेशन झालेलं, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली. काकू शाळा सुटली की दप्तर टाकून टेबलाखाली बसायच्या आणि रबराच्या कापलेल्या तुकड्यांचे बाहुलीचे बूट करायच्या. वडील गेल्यावर दुकान त्यांनी चालवलं. वडिलांनी एक पुठ्ठा भिंतीला लावला होता, तो अजून तिथेच आहे. त्यावर त्यांच्या जाड अक्षरात लिहिलंय : माप घेताना माणूस उभा, भार दोन्ही पायांवर सारखा. बसलेल्या पायाचं माप घेऊन शिवलेला बूट संध्याकाळी चावतो, असं ते सांगायचे. काकूंनी आयुष्यात बसलेल्या पायाचं माप कधी घेतलं नाही.

मग पोहायच्या शेपटांचं काम या घरात शिरलं कसं? नऊ वर्षांपूर्वी तलावावरच्या कोच मॅडम एक मोठं धूड काखोटीला मारून दारात उभ्या राहिल्या. पोहण्याच्या तलावाच्या त्या कोच, आवाज असा की शिट्टी गळ्यात नुसती शोभेला. ते धूड म्हणजे मोनोफिन. दोन्ही पाय एकदम घालायचं शेपूट. डॉल्फिनच्या शेपटासारखं रुंद, आडवं पातं आणि त्याच्या मुळाशी रबराचे दोन खिसे. खिशांत पाय घातले की दोन पायांचा एक पाय होतो आणि माणूस छातीपासून लाट काढत पाण्यातून निघतो. कुणी त्यावर शर्यती पोहतं, कुणी एका श्वासात खोल बुडी मारतं. मॅडमचा एक खिसा टाचेपाशी फाटला होता. चार दुकानांनी त्यांना वाटेला लावलं होतं.

काकूंनी ते टेबलावर उलटंपालटं करून बघितलं. "हा बूटच आहे की," त्या म्हणाल्या. "फक्त बिचाऱ्याला सोल फार मोठा लावलाय."

त्यांनी खिसा दुरुस्त केला. मॅडमना तो नव्यापेक्षा बरा बसला. तलावावर बोलबाला झाला आणि लोक फाटके खिसे घेऊन बोळात येऊ लागले. मग एकाचं पातंच तुटलं. काकू फायबरचे दरवाजे बनवणाऱ्या एका कारागिराकडे जाऊन बसल्या. काचेच्या धाग्याचं कापड कसं कापायचं, थरावर थर कसा लावायचा, रेझिन कसं मुरवायचं, रोलरने हवा कशी काढायची, सगळं महिनाभरात शिकून घेतलं. पातं पायाशी जाड आणि टोकाकडे पातळ हवं, म्हणजे ते माशासारखं वळतं. हे ऐकायला सोपं. काकूंचं पहिलं शेपूट भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं लोळलं. दुसरं तपासताना मॅडमनी ते पाण्यावर आपटलं आणि म्हणाल्या, "काकू, दरवाजेवाल्याकडे शिकलात ते दिसतंय. याला फक्त कडी लावायची राहिली."

पण सातव्या-आठव्यापासून जमलं. आता ऐंशीच्या वर शेपटं काकूंच्या हातची आहेत. काका फायबर घासून देतात आणि दिवसभर अंग खाजवत काकूंना बोल लावतात. एवढं सगळं झालं, पण काकू स्वतः कधी तलावात उतरल्या नाहीत. गुडघ्याच्या वर पाणी म्हणजे त्यांच्या लेखी पूर. मॅडम दर वर्षी विचारायच्या, "काकू, कधी येताय शिकायला?" आणि काकू म्हणायच्या, "हलवाई स्वतः किती खातो, सांगा बरं मला."

आता सुईताई. ही खरी काकूंची जुनी गिऱ्हाईक. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त घेते, म्हणून तलावावर सगळे तिला सुईताई म्हणतात. आईचं बोट धरून पहिल्यांदा या बोळात आली तेव्हा सहा वर्षांची होती. डाव्या पायाचं लहानपणीच ऑपरेशन झालेलं, तो उजव्यापेक्षा दोन नंबर लहान, आणि भार दिला की भाकरीसारखा पसरायचा. तेव्हापासून तिचा प्रत्येक बूट काकूंनी केला. शाळेचे काळे, कॉलेजातले पांढरे, लग्नातले सोनेरी. तिसऱ्या फळीवर तिच्या पायांच्या साच्यांचे अकरा जोड लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावलेले आहेत. वयाच्या चौतिसाव्या वर्षी ती पोहायला लागली आणि पाण्यात तिचा पाय लंगडत नाही हे तिच्या लक्षात आलं. मग तिला तलावाबाहेर काढणं मॅडमच्या आवाजालाही जमेना.

यंदा शहरातल्या सगळ्या क्लबांच्या शर्यती होत्या. मॅडमना बायकांची चौघींची टीम पहिल्यांदाच उभी करता येत होती. एकीने तलावाच्या चार लांब्या पोहायच्या, भिंतीला हात लावायचा, की पुढचीने निघायचं. तीन जणी होत्या, चौथी सुईताई. पाचवी कुणीच नव्हती. म्हणजे सुईताई नाही तर टीमच नाही. आणि सुईताई आजवर कुठल्याच शर्यतीत उतरली नव्हती. शाळेच्या खेळांच्या दिवशी ती मैदानाच्या कडेला बसून बाकीच्या पोरींच्या चपला सांभाळायची. "मी चपला चांगल्या सांभाळायचे हं," ती काकूंना हसत सांगायची. "एकदाही हरवली नाही." काकू हसायच्या नाहीत.

तिच्या शेपटासाठी काकूंनी नवं माप घेतलंच नाही. गरजच काय? गेल्याच वर्षी तिच्या बुटांसाठी साचा केला होता. "तिचा पाय तिच्यापेक्षा मला जास्त ओळखतो," त्या काकांना म्हणाल्या. डावा खिसा लहान, उजवा मोठा, दोन्ही साच्यांवर रबर चढवून सुंदर काम झालं. पातं तर असं उतरलं की काकांनीसुद्धा खाजवायचं थांबवून बघितलं.

पण पहिल्याच सरावात, तिसऱ्या लांबीला, सुईताईच्या डाव्या पायात गोळा आला.

"कुठे दुखलं?" काकूंनी विचारलं.

"तळव्यात. बोटांपासून पोटरीपर्यंत. असा आवळून आला की शेवटची लांबी मी एका पायाने मारली."

चाळीस वर्षं बूट शिवणाऱ्या बाईला पाय आवळतो म्हटल्यावर एकच गोष्ट सुचते. बूट घट्ट आहे. काकूंनी खिसे काढले, साच्यावर अर्धा नंबर वाढवला, नवे खिसे लावले. सुईताई मंगळवारी ते घालून पाण्यात गेली. यावेळी गोळा दुसऱ्याच लांबीला आला आणि वळताना तिने भिंतीला पाय टेकला तेव्हा शेपूट डाव्या पायातून निघून उजव्या पायाला लोंबकळत राहिलं. ती भिंतीला धरून हसली, पण पाण्याबाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, आणि ते काही पाण्यामुळे नव्हतं.

त्याच संध्याकाळी ती लॅबच्या कपड्यांतच बोळात आली. शेपूट टेबलावर ठेवलं.

"काकू, शनिवारी दुपारी बारा वाजता नावं बंद होणार. मी मॅडमना सांगून टाकते. उगाच तिघींना आशेवर ठेवायला नको."

"आज मंगळवार आहे."

"माझा पायच तसा आहे, काकू. तुमची काही चूक नाही."

आता हे वाक्य काकूंना असं लागलं की काय सांगावं. बुटातली चूक पायावर ढकलायची नाही, हे वडिलांनी पुठ्ठ्यावर लिहिलं नव्हतं, कारण ते लिहायची त्यांना गरज वाटली नव्हती. "शुक्रवारपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही," काकू म्हणाल्या. "तुझ्या पायाला नावं ठेवायची असतील तर दुसऱ्या दुकानात जा."

बुधवारचा दिवस वाया गेला. काकूंनी दोन्ही खिसे आतून चाचपले, साच्याशी ताडून बघितले, प्लास्टरचा पाय घालून काढला, काढून घातला. प्लास्टरला गोळा येत नाही. काका म्हणाले, "अगं, गाडी चढावर का बंद पडते ते गॅरेजात उभी करून कळत नाही. चढावर न्यावी लागते." एवढं बोलून ते आपली चप्पल शोधू लागले, कारण काकू सकाळी घाईत दूध घ्यायला त्यांचीच चप्पल घालून गेल्या होत्या आणि नेहमीप्रमाणे दुसरीकडे काढून ठेवली होती. "घरात बूट करणारी बाई, आणि फिरते नवऱ्याच्या चपलेत!"

काकू मागे वळल्या. भिंतीवर त्यांनी नमुन्यासाठी टांगलेलं एक शेपूट होतं. आठ वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणाचे पाय हाताशी नव्हते म्हणून ते त्यांनी स्वतःच्याच पायाच्या साच्यावर बनवलं होतं. खुर्चीत बसून त्या ते पायांत घालून बघायच्या तेव्हा कातडीसारखं बसायचं. त्यांनी ते खाली काढलं आणि त्यावरची धूळ पुसायला घेतली.

"अहो," त्या म्हणाल्या, "उद्या मला तलावावर सोडा."

"डिलिव्हरी आहे?"

"हो. मीच आहे."

गुरुवारी अकराला दोघं तलावावर पोहोचली; अकरा ते बारा तिथे रोज फक्त बायका असतात. काकांना फाटकातूनच परत पाठवण्यात आलं, ते कंपाउंडबाहेरच्या बाकावर बसून राहिले. आत मॅडमनी काकूंना एक काळा पोशाख दिला, मानेपासून गुडघ्यापर्यंतचा. रबरी टोपी चढवताना काकूंचे कान दुमडले. आरशात बघून त्या म्हणाल्या, "बटाटा सोलून ठेवल्यासारखी दिसते मी."

"सगळ्याच तशा दिसतात," मॅडम म्हणाल्या. "चला."

पाणी पहिल्या पायरीवर घोट्यापर्यंत, दुसरीवर गुडघ्यापर्यंत. तिसऱ्या पायरीवर काकूंनी देवाचं नाव घेतलं, चौथीवर ते जरा मोठ्याने घेतलं. कमरेच्या वर पाणी आलं तेव्हा त्यांनी मॅडमचा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी त्यावर चार बोटं उमटलेली होती. पण एक गंमत झाली. पाण्याने त्यांना उचललं. ज्या बाईचे गुडघे जिना चढताना दोन वेळा तक्रार करतात, त्या बाईचं सगळं वजन कुणीतरी हातातून काढून घ्यावं तसं निघून गेलं. काकूंनी दंडावरची पकड सैल केली. मग म्हणाल्या, "अगं बाई, हे असं असतं होय? आणि तुम्ही मला इतकी वर्षं सांगितलं नाहीत!"

"दर वर्षी सांगितलं!" मॅडमचा आवाज तलावभर घुमला.

मॅडमनी त्यांना काठावर बसवून शेपूट घालून दिलं. खुर्चीतल्यासारखंच बसलं, छान. मग काकूंना पालथं करून भिंतीची कड दोन्ही हातांनी धरायला लावली, पोटाखाली हात दिला आणि सांगितलं, "मारा आता. दोन्ही पाय एकदम."

काकूंनी पाय मारले. पहिल्या लाटेला पाणी खिशात शिरलं. दुसरीला टाच वर सरकली. तिसरीला त्यांच्या पायांची बोटं आपोआप आत वळली आणि शेपटाला धरून बसली. सोडलं तर जाईल, म्हणून घट्ट. अजून चार-पाच लाटा, आणि तळव्यात, थेट तळव्यात, आवळून गोळा आला.

"आई गं!"

"काय झालं? पाणी गेलं नाकात?"

काकू शेपूट पायांतून सोडवून भिंतीला धरून उभ्या राहिल्या. एक हात पाण्याखाली घालून त्या आपला तळवा चोळत होत्या आणि त्यांचा चेहरा मात्र असा फुलला होता की मॅडमना वाटलं, बाईच्या डोक्यात क्लोरीन गेलं.

"चप्पल!" काकू म्हणाल्या. "यांची चप्पल!"

मॅडमना काही उलगडा होईना, तेव्हा काकूंनी तिथेच पाण्यात उभं राहून सांगितलं. नवऱ्याची मोठी चप्पल घालून दूध आणायला गेलं की बोटं कशी आपोआप वळतात, चप्पल धरून ठेवतात, आणि परत येईपर्यंत तळवा कसा भरून येतो. चप्पल चावत नाही, सैल असते म्हणून दुखतं. खिसे घट्ट नव्हतेच. सैल होते. पहिल्यापासून सैल होते आणि काकूंनी ते आणखी सैल केले होते.

पण सैल कसे, माप तर बरोबर होतं? यावरही काकू तिथेच पोचल्या. त्यांनी एक पाय पाण्यात लोंबता सोडून बघितला, मग तळाला टेकवून बघितला. टेकवला की पाय रुंद, सोडला की अरुंद आणि लांबुडका, बोटं पुढे, कमान वर. बूट माणूस उभं राहून घालतो. शेपटावर कुणी कधी उभं राहतं का? ऐंशीच्या वर शेपटं, आणि प्रत्येकाला उभ्या पायाचं माप. बाकीच्यांचे पाय फारसे पसरत नव्हते, आणि ते आत जाड मोजे घालून वेळ मारून नेत होते. सुईताईचा डावा पाय भाराने भाकरीसारखा पसरणारा, म्हणून चूक तिच्या पायात सापडली.

"बाबा," काकू मनात म्हणाल्या, "तुमचं बुटाचं बरोबर होतं. पाण्याचं तुम्हाला कुणी विचारलंच नव्हतं."

काका बाकावर पेंगत होते. ओल्या केसांची बायको समोर उभी राहिली तेव्हा दचकून उठले. काकूंनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या पायांकडे न बघता तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुमच्या चपलेचे फार उपकार झाले हो." काका घरी पोहोचेपर्यंत यावर विचार करत होते.

दुपारी सुईताई जेवणाच्या सुट्टीत आली. काकूंनी कापायचं टेबल रिकामं करून त्यावर चादर अंथरली होती.

"पालथी पड. पाय टेबलाच्या बाहेर लोंबू दे. बोटं सैल सोड, बॅलेवाली करते तशी लांब. अशी!"

"काकू, ही काय नवी पद्धत?"

"ही बरोबर पद्धत. जुनी चूक होती. माझी." काकूंनी हे इतकं सरळ सांगितलं की सुईताईने मान वळवून बघितलं. "तुझा पाय चांगला आहे. मीच त्याला उभं राहायला लावलं."

मेडिकलच्या दुकानातून आणलेल्या प्लास्टरच्या पट्ट्या कोमट पाण्यात बुडवून काकूंनी त्या लोंबत्या पायांवर गुंडाळल्या. सुईताईला गुदगुल्या झाल्या. काका दारातून म्हणाले, "सुईताई, लोकांना हलू नका म्हणता ना? आता कळलं?"

"काका, पुढच्या वेळी तुमचं रक्त मीच घेणार आहे, एवढं लक्षात ठेवा."

काका निमूटपणे स्टुलावर जाऊन बसले.

प्लास्टर वाळल्यावर काकूंनी रापीने ते शिवणीसारखं उलगडून काढलं, आत प्लास्टर भरलं, आणि संध्याकाळी फळीवर बाराव्या जोडीचे पाय ठेवले. अकरा जोड जमिनीवर घट्ट उभे होते. बारावा जोड उभा राहीना. टेकू देऊन ठेवावा लागला. तो उडायला निघाल्यासारखा दिसत होता.

शुक्रवारभर काकू रबर कापत, चिकटवायचं सोल्युशन लावत, दाबत बसल्या. पातं जुनंच, खिसे नवे. सोल्युशन पक्कं व्हायला पुरा एक दिवस आणि वर थोडा वेळ लागतो, त्यात घाई चालत नाही. म्हणजे शनिवारी बाराच्या आत पाण्यात घालून बघता येणार नव्हतं. शनिवारी साडेअकराला फोन वाजला.

"काकू, मॅडम कागद घेऊन बसल्यात. नाव देऊ की नको?"

काकूंनी शिकंज्यात दाबून ठेवलेल्या शेपटाकडे बघितलं. मग वरच्या फळीकडे. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती आणि या वयात लावून घ्यायची इच्छाही नव्हती.

"मी पाण्यात बघितलेलं नाही, त्यामुळे शब्द देता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण चूक कुठे होती ते मला माझ्या स्वतःच्या पायाने कळलंय. मी असते तर दिलं असतं."

पलीकडे फोन बाजूला झाला. मग सुईताईचा लांबून आवाज : "मॅडम, लिहा!"

रविवारी सकाळी शर्यतीआधी सरावाला पंधरा मिनिटं मिळाली. सुईताई काठावर बसली. पाय आत जाईचनात. काकूंनी साबणाचं पाणी घातलं, तेव्हा दोन्ही पाय एकापाठोपाठ आत गेले.

"काकू," ती घाबरून म्हणाली, "घट्ट आहे. फार घट्ट."

काकूंचा हात पिशवीतल्या रापीकडे गेला. चाळीस वर्षांची सवय. घट्ट म्हटलं की कापायचं. तो हात त्यांनी दुसऱ्या हाताने धरून मागे घेतला. "तू बसली आहेस ना, म्हणून. पाण्यात जा. तिथे जाऊन सांग."

सुईताई पाण्यात सरकली. एक लाट, दुसरी, तिसरी. पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली, वळली, परत आली. तोंडावरची श्वासाची नळी बाजूला करून वर बघितलं. नुसती हसली, आणि परत पाण्याखाली गेली.

सहा क्लब होते. पहिल्या दोघी झकास पोहल्या, तिसरी जरा मागे पडली. पाचव्या नंबरावर असताना सुईताईची पाळी आली. काकू काठावर उभ्या होत्या, ओठ हलत होते. काका शेजारी म्हणाले, "देवाला इतर पाच टीमांचंही बघायचं असतं हं." काकूंनी त्यांना कोपराने गप्प केलं.

पहिली लांबी गेली. दुसरी. तिसऱ्या लांबीला मॅडमनी शिट्टी दातांत धरली. सुईताईची लाट तुटली नाही. पाठ, कंबर, पाय, पातं, सगळं एकाच कापडाचं असल्यासारखं पाण्यातून जात होतं. चौथ्या लांबीत तिने शेजारच्या लेनमधलीला मागे टाकलं आणि भिंतीला हात लावला. चौथा नंबर! मेडलं तीनच होती, पण मॅडमनी अशी किंकाळी फोडली की पंचांनी कानांवर हात ठेवले.

आणि सुईताई थांबलीच नाही. भिंतीला हात लावून ती वळली आणि निघाली परत, पाचव्या लांबीवर. मॅडम काठाने पळत सुटल्या. "अगं संपलं! संपलं गं!" पण पाण्याखाली काय ऐकू येणार? लोक हसायला लागले, मग टाळ्या वाजवायला लागले. काकांनी दोन्ही हात वर केले. ती पलीकडच्या भिंतीशी पोहोचली तेव्हा तिथल्या पंचबाईंनी खाली वाकून तिच्या टोपीवर टिचकी मारली.

"मोजता येत नाही का तुला?" मॅडमनी तिला वर ओढता ओढता विचारलं.

सुईताईला हसू आवरत नव्हतं. "मी गोळ्यावर मोजायचे, मॅडम. गोळा आला की समजायचं, तिसरी लांबी. आज आलाच नाही. मला वाटलं, अजून बाकीच आहे."

काकूंनी खाली बसून तिचे पाय शेपटातून सोडवले. डावा तळवा दोन्ही हातांत धरून अंगठ्याने दाबून बघितला. मऊ होता. बोटं सैल. काकूंनी तो पाय जरा जास्तच वेळ धरून ठेवला, आणि कुणी काही विचारायच्या आत टॉवेल मागितला.

सोमवारी कुलूप उघडून, हात जोडून, पंखा लावून काकू वडिलांच्या पुठ्ठ्यासमोर उभ्या राहिल्या. पेन्सिल घेऊन त्यांनी वडिलांच्या ओळीखाली आपल्या बारीक अक्षरात एक ओळ लिहिली : शेपटासाठी माणूस पालथा, पाय लोंबता. मग टेबल रिकामं करून चादर अंथरली, जुनी वही काढली आणि फोन ओढून घेतला. काका स्टुलावरून बघत होते.

"ऐंशी जणांना फोन करणार आहेस?"

"ऐंशीच्या वर आहेत. आणि अकराच्या आत आटपायला हवेत. अकराला मला तलावावर जायचंय."

पहिला फोन एका बुडी मारणाऱ्या गिऱ्हाइकाला लागला. सहा वर्षांपूर्वीचं शेपूट. तो गोंधळला. "पण काकू, मला काहीच त्रास नाही. जाड मोजे घातले की मस्त बसतं. माझी काही तक्रार नाहीये."

"तुझी नसेल," काकू म्हणाल्या. "माझी आहे. ये, आणि टेबलावर पालथा पड."